आजीच्या लुगड्याला मधोमध आडवी शिवण कशासाठी? (आणि एकूणच घरचं शिवणटिपण)

अनुजा_पुणे

नमस्कार मंडळी. आजेसासूबाईंची पत्र्याची ट्रंक वाटणीत आमच्याकडे आली. त्यात दोन सुती लुगडी निघाली, एक हिरवं, एक जांभळं. हिरव्याला दोन ठिकाणी जोड आहेत. एक जिथे पदर सुरू होतो तिथे आणि दुसरा साधारण मध्यावर. मधली शिवण हातानं घातलेली आहे, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि काठाच्या रेघा इतक्या नेमक्या जुळवल्यात की दोनदा बघितल्याशिवाय लक्षातच येत नाही. लुगडं मोजलं तर नऊ वार भरत नाही, बरंच कमी आहे.

सोबत एक बिस्किटांचा डबा. त्यात गुंड्या, हुक, दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं, बोटाएवढी लांब आणि एका टोकाला निमुळती अशी एक लोखंडी वस्तू, आणि केस उपटून टाकलेला एक टूथब्रश! हा ब्रश कोणी इतका जपून का ठेवला असेल?

सासूबाई म्हणतात, "अगं, तेव्हा सगळं घरीच शिवायचे." त्यापुढे त्यांनाही नीट आठवत नाही. कोणाच्या घरी काय शिवलं-सांधलं जायचं ते सविस्तर लिहाल का? आणि हे लुगडं नेसलं तर चालेल का?

---

चहाबाज

मधली शिवण म्हणजे दंड. विरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे. आमच्याकडे आजोबांच्या धोतरांनाही दंड असायचे. ब्रशचं कोडं मलाही सुटलं नाही. सुमनताई, या इकडे.

---

सुमन_सोलापूर

आले. दुपारभर थोडं थोडं लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मधला जोड दंडच आहे. पदराजवळचा मात्र दंड नाही. तुमचं हिरवं लुगडं इरकल दिसतंय. इरकलीत अंगाचा ताणा (मागावरची उभी सुतं) वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. विणकर मागावरच दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवतो आणि पुढे पदर विणतो. टोपटेणी म्हणतात त्याला. तिथे सुई लागलेलीच नसते. भिंग धरून बघा, फासे दिसतील.

आता दंडाचं. आम्ही सोलापूरचे. वडील कारकून, खाणारी तोंडं सात. आई घरातलं सगळं स्वतः शिवायची. पुढे मी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावला. आई काय करत होती ते मला तेव्हा कळलं, कात्री स्वतःच्या हातात आल्यावर.

आई कपडा फाटायची वाट बघत नसे. धुणं वाळलं की एकेक कपडा दारात उजेडासमोर धरायची. जिथून उजेड जास्त आरपार येतो तिथलं सूत विरलेलं. ठिगळ लावायची वेळ येण्याआधी तिला ती जागा ठाऊक असायची. नऊवारी कुठे विरतं? बसायच्या जागी, कासोट्याच्या ओढीत आणि टाचेशी काठ जमिनीला घासतो तिथे. निऱ्यांच्या आतला भाग मात्र वर्षानुवर्षं कोरा राहतो. म्हणजे एकाच लुगड्याचा काही भाग म्हातारा आणि काही तरणा. दंड घालताना खरी अक्कल लागते ती इथे. नुसती विरलेली पट्टी काढून दोन टोकं जोडली तर शिवण कुठेही येते, कधी नेमकी पाठीवर. आई आधी लुगडं नेसून खुणा करायची, मग कोरा भाग बसायच्या जागी येईल आणि शिवण निऱ्यांत दडेल असा कुठून तुकडा काढायचा ते ठरवायची. कधी दोन ठिकाणी फाडावं लागे. तुमच्या आजेसासूबाईंचा दंड निऱ्यांत येतोय का, नेसून बघा. काठ इतके जुळवलेत म्हणजे बाई हाताची चांगली होती.

कात्री फक्त काठापुरती. काठ जाड असतो, तेवढा कापायचा आणि मधलं अंग हातानं फाडायचं. आडव्या सुतात फाडलं की रेघ आपोआप सरळ येते. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवायचे, एकाची कड जराशी बाहेर, आणि बारीक धावदोरा. ती बाहेरची कड दुसरीवर मुडपून घ्यायची आणि हेम घालायची. दोन्हीकडून सूत बंद, कुठे दशी सुटत नाही. मशीनवर दंड घातलेला आईला चालत नसे. जुन्या कापडाला मशीनची टीप कापते, सुईच्या भोकांच्या रांगेतूनच ते फाटतं. हे मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगायची. दोरा विकतचा नाही. काढून टाकलेल्या पट्टीतूनच सुतं ओढायची, दोन-दोन पिळून घ्यायची. रंग जुळतो आणि दोरा कापडापेक्षा चिवट नसतो. चिवट दोरा मऊ कापडाला चिरत जातो.

रफूचंही तेच. वडिलांच्या पँटला सायकलचा खिळा लागून भोक पडलं तर आतल्या शिवणीत जी माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली असते तिच्यातून सुतं काढायची. आधी उभी सुतं भरायची, भोकाच्या बरीच बाहेरून, धड कापडातून सुरुवात करून. वळताना जरा सैल सोडायची, नाहीतर पहिल्या धुण्यात आवळून गोळा होतो. मग आडवी, एक वर एक खाली. घाईत केलेलं रफू लांबूनही दिसतं.

वडिलांचे शर्ट हा आईचा आवडता भाग होता असं मला वाटतं, कारण ते करताना ती गुणगुणायची. कॉलर मानेशी दुमडते तिथे आधी जाते. कॉलर उसवून उलटी करून परत लावली की शर्टाला आणखी एक-दोन वर्षं मिळतात. ती बाजूही गेली की शर्टाचा पँटमध्ये खोचलेला पाठचा भाग कापायचा, त्याची नवी कॉलर, आणि खाली कुठल्याही रंगाचं कापड जोडायचं. खोचल्यावर कोणाला दिसतंय? वडील ऑफिसात शर्ट बाहेर काढून कधीच बसले नाहीत. का ते आम्हाला ठाऊक होतं.

आम्हा मुलांचं सगळं वाढत्या अंगाचं. शाळेच्या निळ्या स्कर्टला आत वीतभर दाब. दर जूनमध्ये थोडा उसवायचा. उसवला की जुन्या घडीची पांढुरकी रेघ उरते, ती काही केल्या जात नाही. त्यावर आई पांढरी झिगझॅग लेस लावायची. दिसायला छान दिसायचं. पण वर्गातल्या पोरी लेसी मोजायच्या आणि स्कर्ट कितव्या वर्षाचा आहे ते सांगायच्या. सातवीत मी आईशी त्यावरून आठवडाभर बोलले नव्हते.

तुमचा ब्रश: मागे भोक असेल बघा. त्यात नाडी ओवायची आणि नेफ्यातून सरकवायचा. सेफ्टी पिन मधेच उघडते, ब्रश अडकत नाही. परकर-पायजम्यांच्या घरात याइतकी कामाची वस्तू नाही. टाकू नका, मी अजून वापरते. लोखंडी वस्तू शटल वाटतेय, जुन्या सिंगर शिलाई मशीनचं. त्यात खालच्या दोऱ्याची लांब काडीसारखी बॉबिन बसते.

लुगड्याला दंड घातला की ते सणावारातून उतरलं. मग घरात नेसायचं. नंतर त्याचे परकर. मऊ झालेल्या अंगाची बाळाची झबली आणि दुपटी. झबल्याच्या शिवणी बाहेरून ठेवायच्या, आतून अंगाला टोचू नयेत म्हणून. आमच्यात बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालतच नसत. महिन्याच्या घड्याही त्यातूनच व्हायच्या. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. प्रत्येक घरातल्या जुनेराचा मोठा वाटा तिथे जायचा, आणि बाळंतपण आलं की सगळ्या नात्यातून जुनेरं गोळा करावी लागत. मग गोधडी. काठ मात्र अंगाच्या मागे उरायचे. अंग विरलं तरी काठ धड. त्यांच्या नाड्या, पिशव्यांचे बंद, गोधडीची किनार.

आता माझं एक मत. लोक म्हणतात बायका आळशी झाल्या म्हणून हे संपलं. मला नाही पटत. टेरीकॉट (पॉलिएस्टर मिसळलेलं कापड) आलं म्हणून संपलं. सत्तरच्या आसपास वडिलांनी पहिला टेरीकॉटचा शर्ट घेतला. तो विरेचना! कॉलर उलटायची वेळच आली नाही. शेवटी तो कंटाळून बाजूला पडला, तर त्याचं करायचं काय? पाणी शोषत नाही म्हणून फडकं नाही, घाम टिपत नाही म्हणून बाळाला नाही, अंगाला ऊब नाही म्हणून गोधडीत नाही. चुलीजवळ तर धोकाच, जळतं आणि वितळून अंगाला चिकटतं. त्या शर्टाची आईनं भाजीची पिशवी केली. ती पिशवी आईच्या मागेही टिकली.

---

यंत्रवेडा

सुमनताई, दंडवत. (हा विनोद आपोआप झाला.)

अनुजा, लांब बॉबिनवालं शटल असेल तर मशीन बहुधा सिंगरच्या २७ किंवा २८ जातीचं. त्यात शटल झोके घेत पुढे-मागे जातं, हल्लीच्या मशीनसारखं गोल फिरत नाही. मशीन कोणा भावकीत असेल तर तळपाटीवर उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो तो बघा. इंग्रजी वाय अक्षरानं सुरू होत असेल तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, मशीनं अजून चालतात.

मिळालं तर आधी तेल. खोबरेल घालू नका, मी हात जोडतो. थंडीत थिजतं, मग चिकट होऊन सगळं जाम. मशीनचंच पातळ तेल घाला, चाक हळूहळू हातानं फिरवा. टाका सुटत असेल तर सुई बघा. एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या बाजूनं आत जायला हवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पायाचं मशीन असेल आणि चाक नुसतं फिरत असेल तर चामडी पट्टा सैल पडलाय. टोकाशी जरासा कापून तार परत घाला.

---

लालबागचा_जुना

आमच्याकडे कापड कमी नव्हतं, कारण वडील गिरणीत. गिरणीच्या दुकानात कामगारांना सवलतीत कापड मिळे, आणि फेंट म्हणून तुकडे वजनावर मिळत. त्यामुळे चाळीत अर्ध्या पोरांचे शर्ट एकाच छापाचे. हरवलेलं पोर शोधायला सोपं.

आईकडे हातमशीन होतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते जेवणाच्या पाटावर ठेवायचं आणि जेवायच्या वेळी पलंगाखाली. अर्ध्या चड्ड्यांना मागे दोन गोल ठिगळं, त्याला आम्ही चष्मा म्हणायचो. चष्मा नवा असेल तर कडक लागायचा, बाकावर बसवत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि शिवण एकदम बदललं. तोवर आई घरासाठी शिवायची, आता बाहेरचं काम आलं. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, काज करायचे, बटणं लावायची, डझनावर पैसे. मी आणि बहीण शाळेतून आल्यावर बटणं लावायचो. चार भोकांचं बटण असलं तरी दोनच भोकांतून दोरा घालायचा म्हणजे वेळ वाचतो, असं शेजारची बाई सांगायची. आई ऐकायची नाही, चारही भोकं आणि शेवटी खाली दोऱ्याचा वेढा. त्यामुळे आमचे डझन कमी व्हायचे. वडील कट्ट्यावरून आले की गठ्ठ्यांकडे बघायचे नाहीत, सरळ गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

संप मागे घेतलाय असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. गठ्ठे मात्र येत राहिले. आजही तयार शर्ट घेतला की मी पहिल्यांदा बटण ओढून बघतो.

---

तुळजापूरकर

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण मला जरा वेगळं म्हणायचंय.

७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. तिच्याकडे नेसायला धड असं एकच लुगडं होतं. नदीवर (म्हणजे नदीतल्या झऱ्यावर) अर्धं नेसून अर्धं धुवायची, ते वाळलं की बदलायची. त्याला दंडावर दंड होते. काठ जुळवायला काठच उरला नव्हता. निऱ्यांत दडवायची चैन तुमच्याकडे होती, सुमनताई. आमच्याकडे लुगडं इतकं आखूड झालं होतं की निऱ्याच दोन-तीन यायच्या.

गोधडी, आमच्याकडे वाकळ म्हणतात, ती आता शहरात प्रदर्शनांत हजारांनी विकतात. आमच्या घरी पाहुणा आला की वाकळ आत टाकायची आणि शेजारून चादर आणायची. बोर्डिंगात माझ्या सदऱ्याला ठिगळ होतं म्हणून मी वर्षभर पुढच्या बाकावर बसलो नाही. आई रात्री चिमणीच्या उजेडात ठिगळ लावायची तेव्हा गुणगुणत नव्हती. रॉकेल जळतंय म्हणून घाई करायची.

तेव्हा "किती सुंदर होतं ते" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. तुम्ही कोणी तसं म्हटलं नाही, हेही खरं.

---

अनुजा_पुणे

तुळजापूरकर, लिहिलंत म्हणून आभार. मी खरं तर याच लुगड्याची फ्रेम करून भिंतीवर लावावी अशा विचारात होते. आता जरा थांबले आहे.

सुमनताई, नेसून पाहिलं. दंड अगदी निऱ्यांत गेला! पण टाचेपाशी काठ विरलाय आणि घडीवर दोन ठिकाणी बारीक चिरा आहेत. धुवायचं कसं? आणि जांभळं तर अगदीच गेलंय.

---

सुमन_सोलापूर

तुळजापूरकर, तुमचं सगळं खरं आहे. दंडावर दंड मीही बघितलेत. ७२ साली आमच्या गल्लीत भांडी घासायला येणारी मावशी आईकडे पैसे न मागता जुनेर मागायची. आईनं दिलं, पण आधी काठ काढून घेऊन मग दिलं. नाड्यांना लागतात म्हणून. मावशी काही बोलली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला ते दिसलं आणि मीही काही बोलले नाही. काटकसर आणि कंजुषी यांच्यात किती सुतांचं अंतर असतं कोण जाणे.

चैनीचं म्हणाल तर तेही मान्य. ज्याच्याकडे दोन लुगडी आहेत तोच एकाला निवांत दंड घालू शकतो. आईला दारात उजेडासमोर कपडे धरायला वेळ मिळायचा कारण दुसरा कपडा अंगावर होता. तुमच्या आईंना तो नव्हता. पण रॉकेल संपायच्या आत टाका बसवायचा, तोही चिमणीच्या उजेडात, याला माझ्या आईपेक्षा जास्त हात लागतो. हे मी कौतुक म्हणून नाही, शिवणारी म्हणून सांगतेय.

लालबागकर, चारही भोकं आणि खाली वेढा, हेच बरोबर. वेढ्यानं बटण कापडापासून जरा उचलून राहतं, काजात कापड चेपत नाही. तुमच्या आईंना नमस्कार.

अनुजा, हिरवं धुवायच्या मशीनमध्ये टाकू नका. इरकलीचा लाल काठ कधी कधी रंग सोडतो, आधी कोपऱ्याला ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रुमाल लाल झाला तर धुऊच नका, नुसतं सावलीत वारा द्या. नाही झाला तर टबात गार पाणी, चिमूटभर रिठ्याची पूड उकळून गाळलेली, आणि न चोळता बुडवायचं. उचलताना पूर्ण लुगडं दोन्ही हातांत घ्या, एका टोकानं ओढलंत तर पाण्याच्या वजनानं चिरेल. पिळायचं नाही. दोरीवर टाकण्यापेक्षा पांढऱ्या चादरीवर पसरा.

टाचेचा काठ हवा असेल तर मागून पातळ मलमलीची पट्टी कच्च्या टाक्यांनी धरा. नेसायचं असेल तर घरातल्या घरात, बसायचं जपून. चिरा घडीवरच पडल्यात म्हणजे ते वर्षानुवर्षं त्याच घडीत होतं. दर दिवाळीला घडी मोडून वेगळीकडे घाला, आणि डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका.

जांभळ्याला मोह धरू नका. उजेडासमोर धरा, जेवढं धड असेल तेवढं बाजूला काढा. दुपट्यापुरतं नक्की निघेल, दोन थरांचं, टाके बोटाच्या पेराएवढे, बाहेरच्या कडेनं सुरू करून आत आत जायचं. मधून सुरू केलंत तर कापड सरकून शेवटी कोपऱ्यात झोळ येतो. दोरा जाड सुती घ्या, नायलॉनचा अजिबात नको. आणि काठ आधी काढून ठेवा. ब्रश आहेच तुमच्याकडे.